शेवटच्या सायकलीमागं

दर दिवाळीला मी गावी आलो की आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात मला एकच प्रश्न विचारतात. "रहीमभाई, तिकडं पहाडात तुमी नेमकं करता तरी काय?" मी सांगतो, सायकलवाल्यांच्या मागं जीप चालवतो. "जीपमधी बसतं कोण?" मी म्हणतो, कोणीच नाही. विचारणारा चहाचा घोट घेतो, माझ्याकडं जरा सांभाळून बघतो आणि विषय बदलतो. माझी बायको मुमताज पहिल्या वर्षीच म्हणाली होती, "खाली गाडी चलाने का पगार कौन देता जी?"

देतात. आणि गाडी शेवटपर्यंत खालीच, म्हणजे रिकामीच, राहिली तर खुशीनं देतात.

काम असं आहे. उन्हाळा संपत आला की मनालीहून लेहला जाणारा रस्ता बर्फातून मोकळा होतो. त्या रस्त्यानं हौशी लोक सायकलीवर जातात. दहा-बारा जणांची टोळी, नऊ-दहा दिवसांचा प्रवास, वाटेत पाच मोठ्या खिंडी. तिकडं खिंडीला ‘ला’ म्हणतात. रोहतांग चढून सुरुवात, मग बारालाचा ला, पुढं आणखी दोन आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात उंच, तंगलंग ला. टोळीच्या पुढं वाटाड्या असतो. तो स्वतः सायकलीवर. तंबू आणि शिधा घेऊन एक ट्रक आधीच मुक्कामाला जातो. आणि सगळ्यात मागं मी. टोळीतला जो सगळ्यात हळू असेल त्याच्यामागं शंभर पावलं अंतर ठेवून दिवसभर चालायचं. त्याला ओलांडून पुढं जायचं नाही, एवढा एकच कायदा.

जीपमध्ये ऑक्सिजनची दोन नळकांडी, औषधाची पेटी, थर्मासात गरम पाणी, कोरडे मोजे, ट्यूब, चेन, हवेचा पंप. टपावर सायकली बांधायची सोय. माझे अब्बा गोरेगावात सायकलीचं दुकान चालवायचे, त्यामुळं पंक्चर काढणं मला जन्मजात येतं. पण खरं काम पंक्चरचं नाही. सतरा हजार फुटांवर हवा असते, पण तिच्यात दम नसतो. धडधाकट माणूस तिथं दहा पावलं चालून थांबतो. बहुतेकांना तीन-चार दिवसांत सवय होते. एखाद्याला होत नाही, आणि त्याला ते कळतही नाही. ते त्याच्याआधी मला कळायला हवं. त्याचा पगार.

या धंद्यात येण्याआधी मी गोरेगाव-सेनगाव-हिंगोली काळीपिवळी जीप चालवायचो. नऊ माणसांची परवानगी, बसवायचो एकोणीस. दोन बोनेटला टेकून, चार मागं लोंबकळत. घरोघरी मोटरसायकली आल्या आणि तो धंदा बसला. पुण्याच्या एका सहल कंपनीला मराठी बोलणारा ड्रायव्हर पाहिजे होता, कारण गिऱ्हाईक सगळं आपल्याकडचं. मी गेलो. आता आठ हंगाम झाले.

पहिल्या हंगामात मी सगळं उलटं करत होतो. गोरेगावच्या रस्त्यावर हॉर्न म्हणजे बोलणं. आलो, सरका, बसा, चला, सगळं हॉर्ननं सांगायचं. रोहतांगच्या चढावर पुण्याचे एक बँकवाले साहेब माझ्यापुढं होते. त्यांना धीर यावा म्हणून मी मधून मधून हॉर्न देत होतो, की मी आहे मागं, काळजी करू नका. तिसऱ्या वेळी ते सायकलीवरून उतरले, चालत माझ्या खिडकीपाशी आले आणि धापा टाकत म्हणाले, "काका, म्हैस हाकल्यासारखं वाटतंय हो." त्या दिवसापासून हॉर्न बंद. पुढचा थांबला की आपणही थांबायचं, आणि त्याच्याकडं नाही, डोंगराकडं बघायचं. त्याचा दम परत येईपर्यंत आपल्याला डोंगराचं फार कौतुक आहे असं दाखवायचं. आणि ‘बसता का?’ हे दोन शब्द कधीच बोलायचे नाहीत. चढावर अर्धमेला झालेला माणूस त्या दोन शब्दांनी मोडतो.

हे मला कोणी सांगितलं नाही. मी एका मुलीला मोडून शिकलो.

मीनल तिचं नाव. लातूरला कॉलेजात शिकवायची, एकटीच आली होती. बारालाचाच्या चढावर ती सगळ्यात मागं पडली. खिंड तीन किलोमीटर राहिली असेल. मला मागून तिचे खांदे हलताना दिसले. जीप बाजूला नेऊन बघतो तर पोरगी ढसाढसा रडत होती, आणि पाय मात्र फिरवत होती. मला माझी लेक आठवली. मी दार उघडलं आणि म्हणालो, "बस बाई. पुरे झालं." ती थांबली. दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि बसली.

वर पोचलो तेव्हा बाकीचे खिंडीच्या पाटीपाशी फोटो काढत होते. ती खाली उतरलीच नाही. थोड्या वेळानं शांतपणे म्हणाली, "काका, मला काही झालं नव्हतं. मी नुसती रडत होते. मला रडत रडत चढायचं होतं."

पुढचे सगळे दिवस तिनं सायकल चालवली. उरलेल्या सगळ्या खिंडी चढली. लेहला पोचल्यावर सगळ्यांसारखा तिनंही माझ्याशी हात मिळवला, रागावली नव्हती. पण सगळा रस्ता सायकलीवर केला, असं ती कधी म्हणू शकणार नाही. ते तीन किलोमीटर मी तिच्याकडून घेतले. ते परत द्यायची सोय माझ्याकडं नाही.

आमचा वाटाड्या नोरबू, लाहौलचा. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण या कामात माझा उस्ताद. त्या संध्याकाळी त्यानं मला तंबूबाहेर बसवून शिकवलं. त्याचं हिंदी मी मराठीत सांगतो. रडणारा, शिव्या देणारा, एकदा ओकलेला, देवाला नवस बोलणारा, यांना चढू दे. जो अचानक गप्प होतो त्याच्यावर नजर ठेव. थंडीत हातमोजे काढून टाकतो, दारू प्यायल्यासारखा पाय टाकतो, त्याला थांबव. रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून सरळ चालायला लाव. आणि त्याला त्याच्या रोजच्या कामातलं काहीतरी विचार, जे तो झोपेतही सांगेल. नोरबू म्हणाला, "आईचं नाव विचारू नकोस. ते माणसाला मरतानाही आठवतं."

आता माणिकरावांचं सांगतो.

माणिकराव कळमनुरीचे. एसटीचे ड्रायव्हर, सगळी नोकरी हिंगोली डेपोत. त्यांच्या हातून कधी कोंबडीसुद्धा मेली नाही असं लोक सांगायचे. आणि मी काळीपिवळीवाला, म्हणजे त्यांचा धंद्यातला दुश्मन. सकाळची हिंगोली गाडी ते गोरेगावात आणायचे आणि मी थांब्याच्या पन्नास पावलं अलीकडं उभा राहून त्यांचे प्रवासी पळवायचो. एके दिवशी त्यांनी भरलेली बस माझ्या जीपसमोर आडवी लावली, खाली उतरले आणि माझ्या जीपमधली माणसं बोट दाखवून मोजली. एकोणीस. सगळ्या गावासमोर म्हणाले, "रहीम, एखाद्या दिवशी लोकायला मारशील तू." मी त्यांना नको ते बोललो. त्यांची बस पुढं गेल्याशिवाय त्यांनी मला हलू दिलं नाही. त्यांचं बराबर होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच राग जास्त आला.

निवृत्तीनंतर पोट सुटलं म्हणून डॉक्टरांनी त्यांना सायकल चालवायला सांगितलं. हिंगोलीत सकाळी सायकल चालवणाऱ्यांचा एक गट आहे. माणिकराव त्यात गेले आणि दोन वर्षांत रोज कळमनुरी-हिंगोली जाऊन येऊ लागले. त्या गटातले चौघं एका हंगामात आमच्या टोळीत आले. मनालीला मी सामान उतरवून घेत होतो तेव्हा माणिकराव माझ्यासमोर उभे राहिले. डोक्यावर हेल्मेट, अंगात पिवळा सदरा. त्यांना माहीत नव्हतं की मागची गाडी माझी आहे.

त्यांनी जीपला एक फेरी मारली. टायर बघितले.

"किती पासिंग हाय हिचं?" त्यांनी विचारलं.

"बसवायचं काम न्हाई आता, ड्रायव्हर साहेब," मी म्हणालो. "खालीच चालते."

"खालीच राहू दे. तीस वर्सं मी काळीपिवळीत पाय ठेवला न्हाई. आता बी ठेवणार न्हाई."

आणि नेमके तेच टोळीत सगळ्यात हळू निघाले. त्यांचं वय साठीपुढचं, पण हळू चालणं वयामुळं नव्हतं. ते सायकल बससारखी चालवायचे. एकच लय, वळणावर हात दाखवणार, समोरून ट्रक आला की कडेला थांबून त्याला वाट देणार. आठ दिवस मी त्यांच्या पिवळ्या पाठीमागं चाललो. पहिले दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी थर्मासातलं पाणी घेतलं. सार्चूच्या पुढं एकावर एक एकवीस वळणं चढायची असतात. ती चढून झाल्यावर ते थांबले, मागं वळून सगळी वळणं मोजली आणि म्हणाले, "ह्याच्यावर बस घालाया मजा येईल." त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं वाक्य, ज्यात माझ्यासाठी राग नव्हता. मला बरं वाटलं. इतकी माणसं मागून पाहिली, पण इतकी शिस्तीची पाठ मी पाहिली नाही.

शेवटच्या खिंडीचा दिवस. तंगलंग ला. सकाळी ते बरे दिसत होते. नाश्ता कमी खाल्ला, पण तिथं सगळेच कमी खातात. दुपारी बाराच्या सुमाराला खिंड चार किलोमीटर राहिली होती. बाकीचे वर पोचत आले होते. वारा असा होता की जीपचं दार उघडताना दोन हात लागत होते. आणि मला दिसलं की माणिकरावांनी एका वळणावर हात दाखवला नाही.

आठ दिवसांत एकही वळण त्यांनी हात दाखवल्याशिवाय घेतलं नव्हतं.

पुढच्या वळणावरही नाही. मग सायकल हळूहळू दरीकडं सरकायला लागली. परत रस्त्यावर आली, परत सरकली. मी जीप पुढं घेतली. आमचा कायदा मोडून त्यांच्या आणि दरीच्या मधे घातली आणि उतरलो. त्यांनी पाय टेकले. हातमोजे हँडलला लटकवलेले होते, बोटं निळी पडली होती, आणि ते मला म्हणाले, "उकडून राहिलंय."

रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा मी बोटाला लावला, पण बोटं इतकी गार होती की आकडा कधी एक दाखवे, कधी दुसरा. पांढऱ्या पट्टीवर चालायला लावलं. चौथ्या पावलाला ते माझ्या अंगावर आले.

मग मी विचारलं, "ड्रायव्हर साहेब, हिंगोली-नांदेड गाडीचे मोठे थांबे सांगा."

ते हसले. "मला इचारतो? हिंगोली. कळमनुरी. आखाडा बाळापूर." थांबले. "हिंगोली. कळमनुरी. बाळापूर. मंग... कळमनुरी."

"बाळापूरच्या पुढं काय येतं?"

ते माझ्याकडं बघत राहिले. वारंगाफाटा येतो, मग अर्धापूर, मग नांदेड. ज्या रस्त्यावर त्यांचं आयुष्य गेलं तो रस्ता बाळापूरला संपला होता. आणि ते त्यांना कळलं. डोळ्यांत भीती आली. इतक्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी दार उघडलं. त्यांनी मान हलवली. "न्हाई. चार किलोमीटर राहिले."

तिथं माझी गोची झाली. मीनलच्या वेळी दार उघडून मी चूक केली होती. इथं दार उघडून तो माणूस बसत नव्हता, आणि त्याला मिनिट मिनिट महाग होतं. ओढून बसवता आलं असतं, पण हातापायी करायला त्या हवेत दोघांच्यातही दम नव्हता. आणि दुसरी गोष्ट. मागं वळून खाली जायचं म्हटलं तर मागचं पठारही उंचच आहे. खरं खोल जायचं तर आधी खिंड चढून पलीकडं उतरावं लागतं. म्हणजे जी खिंड त्यांना सायकलीवर चढायची होती तीच मी त्यांना जीपमध्ये बसवून चढवणार होतो.

मी सायकल हातात घेतली आणि म्हणालो, "ड्रायव्हर साहेब, एक सांगा. रस्त्यात बस फेल झाली तर प्रवाशांचं काय करत होता?"

हे त्यांना आठवत होतं. ते लगेच म्हणाले, "मागून येणाऱ्या गाडीत बसवायचे."

"मागून येणारी गाडी कोणाची हाय ते बघत होता?"

त्यांनी सायकलीकडं बघितलं.

"गाडी फेल झाली तुमची. मागून माझीच येऊन राहिली. दुसरी न्हाई."

त्यांनी जीपकडं बघितलं. मग फार हळू, पायरीला हात लावून, पुढच्या सीटवर चढले. सीटचा पट्टा स्वतः लावायला गेले आणि तो त्यांना लावता येईना. मी लावला. ऑक्सिजन चालू केला, नोरबूनं शिकवून ठेवलेली गोळी दिली, सायकल टपावर टाकली आणि निघालो.

वर टोळी उभी होती. नोरबूनं माझ्याकडं बघितलं, शेजारच्या सीटवर बघितलं आणि हातानंच सांगितलं, थांबू नकोस. आम्ही ठरवलेलं असतं. अशा वेळी पुढं गेलेला शिध्याचा ट्रक परत फिरून बाकीच्यांच्या मागं येतो आणि जीप सुटते. मी खिंडीवर ब्रेकवर पाय ठेवला नाही. एक कान त्यांच्या श्वासाकडं, एक डोळा रस्त्यावर. काळीपिवळीच्या दिवसांत मी गाडी पुष्कळ पळवली, पण तेव्हा पळवायचं कारण नव्हतं. त्या दिवशी कारण होतं आणि मी एकही वळण घाईनं घेतलं नाही.

रुमत्से गावाच्या जवळ आलो तेव्हा नदीकाठी हिरवं दिसायला लागलं, सातूची शेतं. माणिकरावांनी तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला.

"वारंगाफाटा," ते म्हणाले. "मंग अर्धापूर."

मी गाडी चालवत राहिलो.

लेहच्या दवाखान्यात त्यांना दोन दिवस ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूला सूज यायला लागली होती, वर थांबले असते तर हातातून गेले असते. मी हे त्यांना सांगितलं नाही, डॉक्टरांनीच सांगितलं. ते विमानानं परत गेले. जाताना माझ्याशी बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, पण पश्चात्ताप वाटला नाही. आठ हंगामांत माझ्या मागच्या गाडीनं एकाही माणसाला डोंगरात सोडलेलं नाही. हे मी कुठंही मान वर करून सांगतो.

थंडीत एके दिवशी माणिकराव गोरेगावात आले. एसटीनंच. अब्बांचं दुकान आता माझा भाऊ चालवतो, तिथं बाकड्यावर येऊन बसले. चहा झाला. हळदीच्या भावावर बोलून झालं. मग म्हणाले, "डॉक्टरनं उंचावर जायला मनाई केली. कायमची."

"व्हय का," मी म्हणालो.

"तकलीफ त्याची न्हाई. वय झालं, व्हायचंच." त्यांनी कप खाली ठेवला. "मी त्या खिंडीवरून गेलो, अन मला काहीच याद न्हाई. वर काय हाय रे रहीम? काय दिसतं?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला सांगता येत नाही. इतक्या वेळा मी तंगलंग ला ओलांडला, पण मी शेवटचा. मी पोचतो तोवर बहुतेक वेळा टोळी उताराला लागते आणि माझी नजर शेवटच्या सायकलीवर; परतीला पुढची टोळी गाठायची घाई. त्यांच्या वेळी तर मी त्यांचा श्वास मोजत होतो. मी जे खरं तेच सांगितलं.

"मी बी न्हाई बघितलं, ड्रायव्हर साहेब."

ते हसले. माझ्यासमोर पहिल्यांदाच असे मोकळे हसले. "दोघं बी वरून गेलो, अन कोणीच बघितलं न्हाई."

पुढच्या हंगामात पहिल्याच टोळीच्या वेळी मी नोरबूला सांगितलं, खिंडीवर मला दहा मिनिटं पाहिजेत. त्यानं काहून म्हणून विचारलं नाही. शेवटच्या सायकलवाल्याला थोडा वेळ स्वतःजवळ थांबवून घेतलं. मी जीप लावली, उतरलो आणि सगळीकडं नीट बघितलं, घरी जाऊन सांगायचं असतं तसं.

लेहला पोचल्यावर माणिकरावांना फोन केला.

"सांग," ते म्हणाले.

मी सांगितलं. दगडांवर बांधलेल्या रंगीत पताका, वाऱ्यात ताडपत्रीसारखा आवाज करतात. झाड नाही, गवत नाही. डोंगर आपल्या माळासारखे तपकिरी, पण कुठं जांभळे, कुठं हिरवट. लांब उत्तरेला बर्फाची रांग, आडवी, सबंध. आणि मागं वळून बघितलं की चढून आलेला रस्ता पूर्ण दिसतो, खालच्या पठारापासून वरपर्यंत, एक एक वळण.

"जिथं मी थांबलो ती जागा दिसते?"

"दिसते. तिथवरचा सगळा रस्ता दिसतो. लई लांबचा हाय, ड्रायव्हर साहेब. तुमी लई चढला होता."

फोनवर त्यांचा श्वास ऐकू येत होता. सावकाश, सरळ श्वास.

"वर गाडी वळवाया जागा हाय का?" त्यांनी विचारलं.

"दोन बस आरामात वळतील."

"बराबर." मग म्हणाले, "परत त्याच रस्त्यानं येणार तू?"

"व्हय. परवा निघतो. खाली गाडी घेऊन."

"खाली गाडी उतारावर जास्त उसळती," माणिकराव म्हणाले. "दुसरा गिअर सोडू नको. हळू ये."